ठेव आणि वारसा : एप्कॉट उद्यानाच्या प्रवेशचौकाचा वाद (१९८२–२०२०)

१. प्रश्नाचे स्वरूप

कोणत्याही वास्तूचे प्रवेशद्वार हा तिच्यात जाण्याचा मार्ग असतो. त्याचप्रमाणे त्या वास्तूने स्वतःविषयी केलेले ते पहिले विधानही असते. देवालयाचे महाद्वार, किल्ल्याचा दिंडी दरवाजा, गावाची वेस यांच्याकडे इतिहासाचा अभ्यासक याच दृष्टीने पाहतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वास्तूचा एक नवा प्रकार रूढ झाला. एखादी कल्पना अथवा कथासूत्र धरून रचलेल्या या विस्तीर्ण करमणूक-उद्यानांना 'थीम पार्क' असे नाव मिळाले आणि मराठीतही आता तेच रुळले आहे. अशा उद्यानांचा विचार बहुधा व्यापाराच्या अथवा पर्यटनाच्या अंगाने होतो. तथापि त्यांच्या प्रवेशद्वारांत केलेल्या फेरफारांवरून तेथील नित्याच्या प्रेक्षकांत जे वाद झाले, त्यांत स्मृती, मालकी आणि भाषा या तिन्हींचा प्रश्न गुंतलेला आढळतो. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांची दखल घेणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रस्तुत लेखात अशा एकाच वादाचा विचार करावयाचा आहे. फ्लोरिडा राज्यातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या विहारस्थळातील एप्कॉट उद्यान १ ऑक्टोबर १९८२ रोजी खुले झाले. त्याच्या प्रवेशचौकाची १९९९ मध्ये फेररचना झाली आणि २०१९-२० मध्ये ती फेररचना काढून टाकून मूळ रचनेच्या आठवणीने नवा चौक उभारण्यात आला. पहिल्या बदलाने एक पक्ष दुखावला, दुसऱ्याने दुसरा. हे दोन्ही पक्ष उद्यानावर प्रेम करणाऱ्यांचेच होते आणि दोघेही स्मृतीच्याच नावाने बोलत होते. मग त्यांच्यातील भेद नेमका कोणता? तो आवडीनिवडीचा नसून स्मृतीवरील हक्काच्या दोन भिन्न प्रकारांचा होता आणि मराठीतील 'ठेव' व 'वारसा' हे दोन शब्द योजले असता तो स्पष्ट होतो, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२. नगराचे उद्यान झाले

एप्कॉट हे नाव इंग्रजीतील पाच शब्दांच्या आद्याक्षरांनी बनलेले आहे. 'उद्याच्या वस्तीचा प्रायोगिक आद्यनमुना' असा त्या शब्दसमूहाचा अर्थ. वॉल्ट डिस्ने यांनी फ्लोरिडात २७,००० एकरांहून अधिक जमीन घेतली आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये आपला मनोदय जाहीर केला. ऑक्टोबर १९६६ मध्ये चित्रित झालेल्या एका चित्रपटात त्यांनी या योजनेचे जे वर्णन केले, त्यात एप्कॉट हे उद्यान नव्हते. ते सुमारे २०,००० लोकवस्तीचे, नित्य नव्या तंत्राचे प्रयोग करीत राहणारे खरेखुरे नगर होते. पुढे दोनच महिन्यांत, १५ डिसेंबर १९६६ रोजी, डिस्ने यांचे निधन झाले. त्यांच्यामागे कंपनीने नगराची कल्पना बाजूस ठेवली. १९७१ मध्ये मॅजिक किंगडम हे उद्यान खुले झाले आणि १९८२ मध्ये जे 'एप्कॉट सेंटर' अवतरले, ते एका कायमस्वरूपी जागतिक प्रदर्शनासारखे होते. त्याच्या एका भागात विज्ञान व उद्योग यांची दालने आणि दुसऱ्या भागात, एका सरोवराभोवती, आरंभी नऊ व १९८८ पर्यंत अकरा राष्ट्रांची दालने अशी त्याची मांडणी होती.

एप्कॉटच्या रचनेत जॉन हेंच व मार्टी स्क्लार या दोन अधिकाऱ्यांचा वाटा मोठा होता. भविष्याचे उद्यान आणि राष्ट्रांचे उद्यान अशा दोन स्वतंत्र योजनांच्या प्रतिकृती एकमेकींना भिडवून त्यांनी एक उद्यान केले, ही हकीकत या विषयाच्या अभ्यासकांत सुपरिचित आहे. हेंच यांचे नाव येथे विशेषेकरून लक्षात ठेवावयास हवे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

या उद्यानाचा प्रवेश मुद्दाम वेगळा योजिलेला होता. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये, अर्थात १९५५ च्या मूळ उद्यानात, प्रेक्षक आगगाडीच्या रुळांखालील बोगद्यातून एका जुन्या अमेरिकन गावाच्या पेठेत उतरतो; म्हणजे तेथील प्रवेश भूतकाळात होतो. एप्कॉटमध्ये बोगदा नाही, पेठ नाही. फाटकातून आत येताच समोर उभा असतो तो सुमारे १८० फूट उंचीचा, ११,३२४ चकचकीत फलकांनी मढविलेला प्रचंड गोल. त्याचे नाव 'स्पेसशिप अर्थ', म्हणजे 'अंतराळयान पृथ्वी'. बकमिन्स्टर फुलर यांच्या विचारातून आलेले हे नाव आहे. या गोलाच्या पोटात जी सफर आहे, तिचा विषय मानवी संज्ञापनाचा इतिहास हा होय. गुहाचित्रे, लेखन, मुद्रण असा क्रम धरून ती प्रेक्षकाला नेते. भाषेच्या अभ्यासकाला ही गोष्ट लक्षणीय वाटल्यावाचून राहणार नाही. ज्या उद्यानाच्या उंबरठ्यावर माणसाने खुणा कशा मागे ठेवल्या याची कथा सांगितलेली आहे, त्याच उंबरठ्यावर पुढे खुणांचाच वाद व्हावयाचा होता.

गोलाच्या अलीकडे, प्रवेशचौकात, एक कारंजे होते आणि त्याच्या मध्यभागी पारदर्शक ॲक्रिलिकचे तीन उभे स्तंभ होते. त्यांवर उद्यानाचे बोधचिन्ह, म्हणजे पृथ्वीगोलाभोवती एकमेकांत गुंफलेली पाच कडी, झळकत असे. स्तंभ पारदर्शक असल्याने मागचा गोल त्यांच्यातूनही दिसे. प्रेक्षकाची दृष्टी अडेल असे चौकात काही नव्हते. १९८२ नंतरच्या दशकात ज्यांनी बालपणी हे उद्यान पाहिले, त्यांच्या मनात पाणी, प्रकाश आणि मागे तो गोल असे चित्र ठसले. पुढील वादात 'मूळ प्रवेशद्वार' म्हणून ज्याचा उल्लेख होई ते हेच.

३. शिळांचे आगमन

१९९० नंतरच्या वर्षांत उद्यानाचे नावही बदलत गेले. 'एप्कॉट सेंटर' जाऊन १९९४ मध्ये 'एप्कॉट ९४', नंतर 'एप्कॉट ९५' आणि अखेर नुसते 'एप्कॉट' असे नामांतर झाले. आरंभी हे नाव सर्व मोठ्या रोमन अक्षरांत लिहीत. नंतर पहिले अक्षर मोठे व बाकीची लहान अशी पद्धत आली. देवनागरीत असा भेद नसल्यामुळे मराठी वाचकाला हा फरक क्षुल्लक वाटेल. पण त्यात अर्थाचा मोठा पालट आहे. सर्व अक्षरे मोठी असली की ते आद्याक्षरांचे नाव आहे, त्यामागे पाच शब्द आहेत आणि त्या शब्दांत एक अपुरा राहिलेला संकल्प आहे, याची जाणीव राहते. अक्षरे लहान झाली की ते इतर कोणत्याही विशेषनामासारखे होते आणि मागचे शब्द विसरले जातात. जुने चाहते आग्रहाने 'एप्कॉट सेंटर' असेच म्हणत व लिहीत राहिले. एखाद्या गावाचे नाव बदलल्यावर वृद्धांच्या तोंडी जुनेच नाव राहावे, तसा हा प्रकार होता. फरक इतकाच की येथे ती सवय नव्हती, ती भूमिका होती.

१ ऑक्टोबर १९९९ ते १ जानेवारी २००१ या पंधरा महिन्यांत नव्या सहस्रकाचा उत्सव एप्कॉटमध्ये साजरा झाला. त्या निमित्ताने प्रवेशाच्या दृश्यात दोन मोठे फेरफार झाले. एक म्हणजे गोलाच्या शेजारी मिकी माऊसचा हातमोजा घातलेला प्रचंड हात आणि जादूची कांडी उभारण्यात आली. तिच्यावर आधी २००० हा आकडा आणि पुढे उद्यानाचे नाव होते. दुसरा फेरफार प्रवेशचौकातला. तेथे ग्रॅनाइटच्या, ३ फुटांपासून १९ फुटांपर्यंत उंचीच्या, तिरकस माथ्यांच्या शिळा रांगांनी उभ्या करण्यात आल्या आणि त्या योजनेस 'लीव्ह अ लेगसी' असे नाव देण्यात आले. या फेररचनेनंतर ते पारदर्शक स्तंभ तेथे राहिले नाहीत.

योजना अशी होती. प्रेक्षकाने ३५ डॉलर द्यावेत. त्याचे छायाचित्र काढून ते एक इंच लांबीरुंदीच्या धातूच्या पट्टिकेवर कोरले जाईल आणि ती पट्टिका शिळेवर बसविली जाईल. एका पट्टिकेवर दोन चेहरे हवे असल्यास ३८ डॉलर. ही विक्री उत्सवानंतरही चालू राहिली आणि जून २००७ मध्ये थांबली. तोवर पाच लाखांच्या वर पट्टिका शिळांवर लागलेल्या होत्या. शिळांची रचना जॉन हेंच यांची. ज्यांनी मूळ एप्कॉटच्या कल्पनेला आकार दिला त्यांनीच, वयाच्या नव्वदीनंतर, हा बदलही आखला. म्हणून हा वाद निष्ठावंत निर्माते व परके मोडतोड करणारे यांच्यातील होता, असे म्हणता येत नाही. हेंच २००४ मध्ये निवर्तले.

४. वादातील पक्ष

२००७ मध्ये, उद्यानास पंचवीस वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, कांडी काढून टाकण्यात आली. तिच्याविषयी जुन्या चाहत्यांची नाराजी पहिल्यापासून होती; गोलाची भव्यता तिने उणावली असे ते म्हणत. परंतु कांडी ही कोणाची वैयक्तिक नव्हती. तिच्या जाण्याने ज्यांना वाईट वाटले त्यांना वाईट वाटण्यापलीकडे काही म्हणावयाचे नव्हते. शिळांचा प्रश्न तसा नव्हता आणि म्हणूनच तो आणखी बारा वर्षे लोंबकळत राहिला.

या वादात स्थूलमानाने तीन पक्ष दिसतात. पहिला पक्ष १९८२ च्या चौकाचा कैवारी. त्याचा आक्षेप दृश्यात्मक होता. करड्या शिळांच्या रांगांनी गोलाकडे जाणारी दृष्टी अडते, चौकाचा मोकळेपणा जातो, आणि आनंदाच्या स्थळी शिरताना दफनभूमीतून चालल्याचा भास होतो, असे तो म्हणे. 'थडगी' हा शब्द या शिळांना इतका चिकटला की कित्येकांच्या तोंडी तेच त्यांचे नाव झाले.

दुसरा पक्ष पट्टिकाधारकांचा. उद्यानास आल्यावर आपली पट्टिका शोधून तिच्यावर बोट ठेवणे आणि तिच्याजवळ मुलांना उभे करून पुन्हा छायाचित्र घेणे हा कित्येक कुटुंबांचा परिपाठ झाला होता. १९९९ आणि २०१९ यांमध्ये वीस वर्षांचे अंतर आहे. पाच लाख पट्टिकांवरील चेहऱ्यांपैकी अनेक व्यक्ती या काळात निवर्तल्या असणार, हे उघड आहे. अशा कुटुंबांना 'थडगी' हा उपहास कसा लागला असेल याची कल्पना करता येते. विरोधकांनी थट्टेने वापरलेला शब्द त्यांच्या बाबतीत नकळत खरा ठरत होता. त्यांच्या दृष्टीने ते स्मारकच होते आणि स्मारक दाराशी असणे त्यांना खटकत नव्हते.

तिसरा पक्ष परिवर्तनवाद्यांचा. जगात कल्पकता शिल्लक आहे तोवर डिस्नेलँड पूर्ण झाले असे होणार नाही, या आशयाचे वॉल्ट डिस्ने यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत; हा पक्ष त्यांचाच आधार घेई. त्यातून जे उद्यान भविष्याला वाहिलेले आहे, त्याच्या दाराने जुन्यालाच कवटाळून बसावे हे विपरीत होय, असे त्याचे म्हणणे. या युक्तिवादात तथ्य आहे, परंतु तो अपुरा आहे. १९८२ चे चाहते ज्यावर प्रेम करीत होते तो नुसता भूतकाळ नव्हता. भविष्याविषयी एके काळी बाळगलेला विश्वास हा त्यांच्या प्रेमाचा विषय होता. तो विश्वास ज्या आकृतीत पाहिला ती आकृती गेली म्हणजे विश्वासाचा पुरावाच गेला, असे त्यांना वाटे. भविष्याचीही स्मृती असू शकते आणि तिला इतर कोणत्याही स्मृतीइतकीच जागा लागते, हे या पक्षाने ध्यानी घेतले नाही.

५. दोन शब्दांची साक्ष

आता भाषेकडे वळू. योजनेच्या इंग्रजी नावात 'लेगसी' हा शब्द आहे. मराठीत त्याचे भाषांतर सहजच 'वारसा' असे केले जाते. पण हे दोन शब्द एकाच व्यवहाराकडे दोन टोकांकडून पाहतात. 'लेगसी' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ नेमून पाठविणे, मृत्युपत्राने देणे असा आहे. म्हणजे हा शब्द देणाऱ्याचा. मराठी 'वारसा' आला तो अरबी 'वारिस' या शब्दावरून. 'वारिस' म्हणजे घेणारा. आपण वारसा मिळवितो, वारसा चालवितो, वारसा सांगतो. या प्रयोगांत कर्ता मागे राहिलेला आहे, सोडून गेलेला नाही. इंग्रजीतही घेणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. तो 'हेरिटेज', आणि त्याच्या मुळाशी वारस या अर्थाचाच लॅटिन शब्द आहे.

'लीव्ह अ लेगसी' या आज्ञार्थी नावाचा कर्ता प्रेक्षक आहे. तू काहीतरी मागे ठेव, असे ते त्याला सांगते. मराठीत या कृतीला जवळचा शब्द 'वारसा' नव्हे, 'ठेव' हा होय. ठेव कोणाच्या तरी स्वाधीन केलेली असते, तिला मोबदला असतो, तिची नोंद असते, ती सांभाळण्याचे दायित्व घेणाऱ्यावर येते, आणि बहुधा तिला मुदत असते. पट्टिकाधारकांच्या म्हणण्यात हे सर्व घटक आढळतात. पैसे दिले, जागा ठरली, आणि वीस वर्षांच्या मुदतीचा उल्लेख तर वादात सतत होत असे. म्हणजे ते ठेवीदार होते. त्यांचा हक्क मर्यादित होता, परंतु स्पष्ट होता.

१९८२ च्या चौकाचे कैवारी ठेवीदार नव्हते. त्यांनी त्या कारंज्यासाठी वेगळे काही दिले नव्हते, त्यांच्या हाती पावती नव्हती. जे त्यांना कोणी जाणूनबुजून दिलेले नव्हते, ते आपल्याला मिळालेले आहे असे ते म्हणत होते. हीच वारसा सांगण्याची क्रिया होय. वारसा सांगणाऱ्याचा हक्क कायद्याच्या दृष्टीने दुबळा असेल, पण त्याला मुदत नसते. तो एका पिढीकडून दुसरीकडे जातो. ज्यांनी मूळ कारंजे कधी पाहिले नाही असे तरुणही त्याच्या पुनःस्थापनेची मागणी करीत होते, ही गोष्ट या संदर्भात पुरेशी बोलकी आहे. कोणत्याही ठेवीदाराची ठेव तिऱ्हाइताने अशी मागितली नसती.

यावरून दोन्ही पक्षांना एकमेकांचे म्हणणे का उमगत नव्हते हे कळून येते. एकाच इंग्रजी शब्दाच्या छत्राखाली ते दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत होते.

६. तुलनेसाठी दोन प्रवेशद्वारे

हा भेद केवळ एप्कॉटपुरता आहे की काय, हे पाहण्यासाठी आणखी दोन उदाहरणे घेऊ. डिस्नेलँडच्या शेजारी फेब्रुवारी २००१ मध्ये कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर हे उद्यान खुले झाले. त्याच्या दाराशी राज्याच्या नावाची प्रचंड अक्षरे आणि गोल्डन गेट पुलाची प्रतिकृती होती. उद्यानास अपेक्षित लोकप्रियता लाभली नाही. २००७ मध्ये १ अब्जाहून अधिक डॉलर खर्चाची फेररचना घोषित झाली आणि जून २०१२ मध्ये जुन्या प्रवेशाच्या जागी १९२०-३० च्या लॉस एंजेलिसची आठवण देणारी पेठ आली. नावाची अक्षरे राज्याच्या जत्रेच्या मैदानाकडे, सॅक्रामेंटो येथे, गेली. या बदलाचे बहुतेकांनी स्वागतच केले. त्या दाराशी कोणी ठेव ठेवलेली नव्हती आणि वारसा सांगावा इतके प्रेमही त्याच्यावर जडलेले नव्हते. दोन्हींचा अभाव असला की फेरफार सुकर होतो.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील. सिडनीच्या बंदरावरील लूना पार्क १९३५ मध्ये सुरू झाले. एका विशाल हसऱ्या चेहऱ्याचे तोंड हेच त्याचे दार. जून १९७९ मध्ये तेथील भुताच्या आगगाडीला लागलेल्या आगीत सात जणांचा बळी गेला आणि उद्यान बंद पडले. त्यानंतर मार्टिन शार्प आदी कलावंतांनी व नागरिकांनी उद्यान वाचविण्यासाठी चळवळ केली. १९९० मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याने त्या जागेसाठी स्वतंत्र कायदा केला आणि २०१० मध्ये स्थळाचा समावेश राज्याच्या वारसास्थळांच्या सूचीत झाला. मौजेची गोष्ट अशी की जो चेहरा लोकांनी वाचविला तो १९३५ चा नव्हे. चेहरा अनेकदा नव्याने बांधला गेला आणि १९९० नंतरच्या दशकात उभारलेल्या चेहऱ्याने आदर्श मानला तो आर्थर बार्टन यांच्या १९५० च्या सुमाराच्या रेखाटनाचा. 'मूळ' म्हणजे कालदृष्ट्या पहिले, असे वारसा सांगणारे मानीत नाहीत. ज्या रूपाशी लोकांची ओळख पटली ते त्यांचे मूळ. मात्र सिडनीत त्या वारशाला राज्याच्या कायद्याचे पाठबळ मिळाले. एप्कॉटची भूमी खाजगी कंपनीची असल्यामुळे तेथे तसे पाठबळ नव्हते. होता तो केवळ चाहत्यांचा आग्रह.

७. निर्णय आणि त्याचा अर्थ

फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने नव्या प्रवेशचौकाची घोषणा केली. शिळा काढावयाच्या, पट्टिका मात्र जतन करून फाटकाबाहेरील नव्या मांडणीत बसवावयाच्या, आणि चौकात मूळ रचनेला अभिवादन करणारे नवे कारंजे उभारावयाचे, असा हा संकल्प होता. त्याच वर्षी काम सुरू झाले. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे उद्यान बंद ठेवावे लागले. १५ जुलै २०२० रोजी ते पुन्हा खुले झाले. वर्षाअखेर नव्या कारंज्यात तीन पारदर्शक स्तंभ पुन्हा उभे राहिले आणि त्यांवर १९८२ चे पाच कड्यांचे बोधचिन्ह परत आले. नावाची अक्षरेही याच सुमारास पुन्हा सर्व मोठी झाली. पट्टिका फाटकाबाहेरच्या भिंतींवर गेल्या.

वरवर पाहता दोन्ही पक्षांचे समाधान झाले. ठेवीदारांची ठेव सुरक्षित राहिली, वारसांना वारसा मिळाला. परंतु या तडजोडीची किंमत कोणी दिली, तेही पाहिले पाहिजे. पट्टिका आता तिकीट न काढताही पाहता येतात, हा लाभ खराच. पण त्या आत होत्या त्या बाहेर गेल्या. उद्यानाने ज्यांना 'तुमची खूण आमच्यापाशी राहील' असे सुचविले होते, त्यांची खूण आता उद्यानाच्या कथेचा भाग राहिली नाही. मंदिराच्या ओवरीतील वस्तू आवाराबाहेर नेऊन नीट ठेवली, तरी ती ओवरीतील राहत नाही. मुदत संपलेल्या ठेवीचे हे व्यवहारदृष्ट्या चोख निरसन होते. आपले स्थान गमावल्याची खंत ज्यांना वाटली, त्यांच्यापाशी ती मांडण्यासाठी मुदतीपलीकडचा शब्द नव्हता. कारण त्यांना आरंभीच ठेवीदार करण्यात आले होते.

वारसांनाही जे मिळाले ते मूळ नव्हे. नवे स्तंभ हे नवे आहेत. ते जुन्याचे अवतरण आहे. त्याने सभोवतालचा मजकूर परत येत नाही. १९८२ च्या चौकामागे जे भविष्याचे उद्यान होते, त्यातील कित्येक दालने दरम्यान बदलली वा नाहीशी झाली, आणि त्या भागाचे जुने नावही २०२१ मध्ये सोडून देण्यात आले. दार परत आले ते एका निराळ्या घराला. तरीही हे अवतरण निरर्थक म्हणता येणार नाही. आपल्या इतिहासातील कोणता क्षण उंबरठ्यावर ठेवावयाचा, याची निवड कंपनीने केली. आणि ज्यांचा आवाज कायद्यात बसत नव्हता त्या वारसांच्या बाजूने ती केली, ही या प्रकरणातील सर्वांत अनपेक्षित गोष्ट होय.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. प्रथम, सार्वजनिक प्रेमाच्या स्थळांवर उठणाऱ्या वादांत 'स्मृती' हा एकच शब्द वापरून भागत नाही. ठेव आणि वारसा हे तिच्यावरील हक्काचे दोन प्रकार निराळे आहेत. पहिल्याला पावती असते व मुदत असते. दुसऱ्याला दोन्ही नसतात. दुसरे असे की, संस्था जेव्हा प्रेक्षकाची स्मृती पैसे घेऊन ठेवून घेते, तेव्हा ती त्याला मान देते व त्याच वेळी त्याच्या हक्काला सीमाही घालते. तिसरे, 'मूळ' हा शब्द वादात येतो तेव्हा त्याचा अर्थ कालगणनेने ठरत नाही, ओळखीने ठरतो. सिडनीचा चेहरा व एप्कॉटचे कारंजे दोहोंचीही साक्ष हीच आहे.

आणखी एका गोष्टीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावेसे वाटते. १९९९ ते २००७ या काळात या एका स्थळी आलेल्या सामान्य माणसांचे लाखो चेहरे या पट्टिकांवर धातूत कोरलेले आहेत. इतका मोठा संग्रह, तोही ज्यांची एरवी इतिहासात नोंद होत नाही अशा लोकांचा, अन्यत्र क्वचितच असेल. शिलालेख आपल्या जागेवरून हलविला म्हणजे त्याचा मजकूर राहतो, पण तो तेथे का कोरला, कोणाच्या दृष्टीस पडावा म्हणून कोरला, ही माहिती जागेबरोबर जाते. म्हणून प्राचीन लेखांचा अभ्यासक प्राप्तिस्थानाची नोंद प्रथम करतो. या पट्टिकांची जागा एकदा बदलली आहे. पुढे ती पुन्हा बदलणार नाही असे नाही, कारण आता मागे मुदतीचाही आधार उरलेला नाही. कोणता चेहरा कोणत्या शिळेवर, कोणाच्या शेजारी होता, याची नोंद जपली गेली, तरच उद्याच्या इतिहासकाराला या ठेवीचा वारसा सांगता येईल.